पडेगावला पट खेळायला

बैठ्या खेळांवर मी मागे इथेच दोन परिच्छेद लिहिले होते. त्याखाली एका वाचकाने मला अगदी प्रेमाने समजावलं, "ताई, हे आता फोटोपुरतं उरलंय. मोबाइलच्या जमान्यात पट मांडून बसतं कोण?" मला कुणी प्रेमाने समजावलं की माझं डोकं जास्त फिरतं. त्यापेक्षा भांडलेलं परवडतं. त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या दौलताबाद रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडे आला. भिंतभर खेळांचे डबे, वर पिवळे दिवे आणि खाली लिहिलेलं, 'या, खेळा, जेवा.' म्हटलं, हे घ्या उत्तर. जाऊन लिहायचंच.

हॉस्टेलमधली माझी मैत्रीण वैशाली लग्नानंतर तिथेच, मुकुंदवाडीत राहते. तिला फोन केला.

"ते व्हय? ते आमच्या भाऊसाहेबांच्या तुषारचं हॉटेल," ती म्हणाली. "तू असं कर, रविवार धरून ये. हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये आमच्या नानांचा डाव आहे."

नाना म्हणजे तिचे सासरे, आणि भाऊसाहेब त्यांचे जुने दोस्त. "कसला डाव?" मी विचारलं.

"सारीपाटाचा. दरवर्षी असतो. पण यंदा घरात वातावरण जरा तंग आहे, सांभाळून बोल."

एका दगडात दोन पक्षी म्हणून शनिवारी सकाळी पुण्याहून एसटीची ई-बस पकडली. जाणार असाल तर सकाळी जितकं लवकर निघाल तितकं बरं, कारण शिक्रापूरच्या पुढे-मागे वाहतूक कधी अडेल ते सांगता येत नाही आणि शेवटी वाळूजला कंपन्या सुटण्याच्या वेळेत सापडलात तर बसल्या जागी उपवास घडतो. तिकीट आधी काढून ठेवा. जानेवारीत उन्हाचा त्रास नाही, पण बसमधला एसी मात्र कुणाला तरी सूड उगवायचा असल्यासारखा लावलेला असतो, तेव्हा शाल हवीच.

शेजारच्या सीटवर एक गृहस्थ फोनवर ल्युडो खेळत होते. शिरूर गेलं, अहिल्यानगर गेलं, त्यांचा अंगठा चालूच. शेवटी न राहवून मी विचारलं, "समोर कोण खेळतंय?"

"काय माहीत," ते म्हणाले. "कुणीतरी आहे."

"जिंकताय का?"

"जिंकलो की हे दुसरा माणूस देतंय." आणि पुन्हा अंगठा चालू. तक्रार नव्हती त्यांची, मजेत होते बिचारे. मलाच उगाच चुटपुट लागली.

वैशाली बसस्थानकावर घ्यायला आली होती. तिथून थेट स्कूटीवर बसून आम्ही पडेगावकडे निघालो, कारण मला धीर नव्हता. छावणी मागे पडली की रस्ता मोकळा होतो, वारा लागतो, आणि पडेगावच्या पुढे डाव्या हाताला तुषारचं हॉटेल दिसतं. दिवे अगदी व्हिडिओतल्यासारखेच. बरीचशी टेबलं भरलेली. प्रत्येक टेबलावर चार माणसं आणि चार फोन.

मी भिंतीपाशी जाऊन एक डबा ओढला. निघेना. दुसरा ओढला, तोही निघेना. वेटर धावत आला.

"मॅडम, ओढू नका. चिकटवलेत ते."

"चिकटवलेत? मग खेळायचं कशाने?"

"मोबाइलवर खेळा ना. वायफाय फ्री हाय."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून तुषार स्वतः आला. तिशीतला, बोलायला नम्र, राग येऊ देणार नाही असा. "ताई, सुरुवातीला खरे ठेवले होते मी," तो म्हणाला. "महिनाभरात फासे गायब, सोंगट्या गायब. एक सोंगटी तर पनीर चिलीच्या प्लेटमध्ये सापडली. लोकांना हे मागं दिसायला पाहिजे, फोटोत. खेळत कुणी नाय." त्याने काउंटरच्या मागची भिंत दाखवली. तिथे सागवानी चौकटीची मोठी काच बसवलेली होती, वर स्वतंत्र दिवा, आत काही नाही. "इथं आमचा सारीपाट लागणार. खरा, जुना. उद्या बाबा जिंकले की ड्रायक्लीन करून टाकतो आत. कसर लागून संपण्यापेक्षा बरं ना?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हे मला मुळीच आवडलं नाही. टोमॅटो सूप मात्र चांगलं होतं, दीडशेच्या आत दोघींचं भागलं.

मुकुंदवाडीत वैशालीकडे ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी तयार होती. जेवताना नानांना विचारलं. ते मूळचे फुलंब्रीकडचे, शेतीवाले, पण सगळं आयुष्य चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गेलं. तिथेच मशीनवर भाऊसाहेब आणि रशीदभाई. एका वर्षी मोठा संप झाला आणि हे तिघं गेटसमोर बसून कंटाळले. रशीदभाईंच्या आईने जुन्या चादरीचा पट शिवून दिला, काठाला हिमरूची, म्हणजे इथल्या नक्षीदार विणीच्या कापडाची, पट्टी लावून.

"पट व्हता, कवड्या व्हत्या, पर चौथा गडी नव्हता," नाना म्हणाले. "सारीपाटाला चार लागतात. तवा हापिसातून कुलकर्णी बाई उठून आल्या. हिशोबात व्हत्या त्या. साहेब म्हणला, बाहेर गेलात तर परत येऊ नका. तरी आल्या अन् बसल्या मातीत."

तेव्हापासून जोड्या त्याच. नाना आणि रशीदभाई एकीकडे, भाऊसाहेब आणि कुलकर्णी काकू दुसरीकडे. वर्षात एकदा मोठा डाव, आणि जिंकेल त्या जोडीकडे वर्षभर पट. खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अधिकच्या चिन्हासारखा कापडी पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, कवड्या टाकायच्या आणि उताण्या पडतील त्याप्रमाणे सोंगटी चालवायची. फेरी पुरी करून मधल्या घरात यायचं. वाटेत दुसऱ्याने गाठलं की सोंगटी मेली, पुन्हा पहिल्यापासून.

"मग आता अडचण काय?" मी विचारलं.

नानांनी नुसती भाकरी मोडली. वैशाली म्हणाली, "सलग तीनदा जिंकेल त्याचा पट कायमचा, असा नियम आहे. भाऊसाहेबांनी दोनदा जिंकलाय. उद्या जिंकले तर पट त्यांचा, आणि त्यांनी तुषारला शब्द देऊन टाकलाय. म्हणजे गेला काचेत."

"कुणी केला असला नियम?"

"नानांनीच. स्वतः लागोपाठ दोनदा जिंकले होते तेव्हा."

"चूक झाली असंल," नाना पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. "पर म्हणून काय खेळायचं सोडू? काचंत गेला म्हणजे मेलाच की पट. कुणी हात लावायचा नाय, कुणी बसायचं नाय. आम्ही चौघं मग काय त्याच्याकडं बघत चहा प्यायचा का?"

"भाऊसाहेबांना सांगा ना, या वेळी हरा म्हणावं," मी सुचवलं.

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची भाकरी मुकाट्याने घेतली. "सोडलेला डाव?" ते म्हणाले. "भाऊसाहेब तसं करायचा नाय. अन् केलं तर मी त्याच्या दारात पाय ठेवायचा नाय."

रविवारी सकाळी मी एकटी वेरूळला जाऊन आले. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा, आणि उघडतात तेव्हाच पोहोचा, म्हणजे सहली येण्याआधी थोडी शांतता मिळते. कैलासाबद्दल मी लिहिणार नाही, त्यावर लिहिणारे खूप आहेत. मी ओट्यांवर आणि पायऱ्यांवर नजर ठेवून फिरत होते. एका ओट्यावर दगडात खरवडलेली रेघांची चौकट सापडली, एकात एक चौकोन, कोपऱ्यांना खळगे. नवकंकरीसारखा काहीतरी खेळ. कुणी खरवडला, कधी, ठाऊक नाही. पण एवढ्या थोर कामाच्या सावलीत बसून कुणालातरी खेळावंसं वाटलं, आणि त्याने पट दगडात काढला. मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

तिथल्या रखवालदाराने विचारलं, "मॅडम, मूर्ती तिकडं हायेत, खाली काय बघताय?" मी चौकट दाखवली. त्याने वाकून पाहिली, बोटाने खळगे चाचपले आणि म्हणाला, "आम्ही शाळेत असताना असलं खडूनं काढत व्हतो." मग दोन मिनिटं तो आणि मी उकिडवे बसून आठवत राहिलो की सोंगट्या कुठून कुठे जातात. जमलं नाही, पण बसलो खरे.

वेरूळहून येणारी जीप पडेगावला सोडते, वीस-तीस रुपयांत. दुपारी पोहोचले तेव्हा शेडमागच्या शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. गरम हुरडा, गूळ, लसणाची चटणी, दही. असा हुरडा खायचा तर हेच दिवस, डिसेंबर-जानेवारी, नंतर जाऊन उपयोग नाही. भाऊसाहेब, धिप्पाड गृहस्थ, स्वतः आगटीजवळ बसून वाढत होते, पण तोंड उतरलेलं. कुलकर्णी काकू म्हणजे बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष भाऊसाहेब आणि नाना यांच्याकडे. एकाने शब्द दिलेला, दुसऱ्याने नियम केलेला, आणि दोघंही एकमेकांच्या ताटात गूळ वाढत होते.

मग पट अंथरला. मी पहिल्यांदाच बघत होते. मूळचा रंग कुठला ते सांगता येणार नाही. एका बाजूला चहाचा डाग, एका घरावर विडीने जळलेलं भोक, त्याला आतून ठिगळ. हिमरूची पट्टी दोनच ठिकाणी चमकत होती. चौघं मांडी घालून बसले, रशीदभाईंनी गुडघ्याखाली उशी घेतली, आणि कवड्या खुळखुळल्या.

खेळताना ही चार माणसं वेगळीच होतात. नाना प्रत्येक दानाआधी कवड्यांना दम भरतात. रशीदभाई त्यांच्यावर खेकसतात, "कायकू डराते उनको, प्यार से डालो ना मियाँ!" भाऊसाहेब एक शब्द बोलत नाहीत. काकू मात्र अखंड बोलतात आणि बोलता बोलता सोंगट्या मारतात. तासाभराने शेडच्या बाहेर शेजारचे लोक जमले, वेटरही जेवणाच्या ट्रेसकट उभे राहिले. नाना आणि रशीदभाई पुढे होते. नानांची शेवटची सोंगटी फुलीच्या घराच्या, म्हणजे जिथे मारता येत नाही त्या घराच्या, अगदी अलीकडे येऊन थांबली होती. पुढच्या दानात ती सुटली असती, आणि पट वाचला असता.

दान भाऊसाहेबांचं होतं. कवड्या पडल्या आणि त्यांना हवं तेवढंच पडलं.

मारायलाच हवं असं नव्हतं. तेवढ्याच दानात त्यांची दुसरी सोंगटीही चालली असती, कुणाला काही म्हणता आलं नसतं. भाऊसाहेबांचा हात पटावर थांबला. ते मारणार की नाही, हे सगळे बघत होते, आणि ते का थांबलेत हेही सगळ्यांना कळत होतं. मला खरंच वाटलं, नका मारू हो. देवाशपथ वाटलं.

"भाऊसाहेब," काकू म्हणाल्या, "मारायचं नसेल तर सांगा, मी उठते."

भाऊसाहेबांनी मारली. नानांची सोंगटी उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

"मार दिया!" रशीदभाई ओरडले, जवळजवळ आनंदाने. "क्या मारा रे!"

नाना सोंगटीकडे बघत राहिले. "बरं केलं," ते म्हणाले. "नायतर तुझं तोंड बघितलं नसतं." नंतरचा डाव सावरलाच नाही. भाऊसाहेब आणि काकू जिंकले. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्या. नाना बसल्या जागी कवड्या एकेक करून पिशवीत भरत होते आणि त्यांची मान वर येत नव्हती.

तुषार प्लॅस्टिकचं कव्हर घेऊन आला. तो आधी नानांच्या पाया पडला, हे मी बघितलं. मग पट उचलायला वाकला.

"थांब," काकू म्हणाल्या. "कुणाला विचारून नेतोस?"

"बाबांना विचारलंय, काकू. त्यांनी शब्द दिलाय."

"आणि मला?"

तुषार कव्हर घेऊन सरळ झाला. "पट जोडी जिंकते," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं मी यांच्यासमोर बसून जिंकतेय. दोन वर्षं पट यांच्या कपाटात राहिला, मी म्हटलं राहू दे, घर मोठं आहे. म्हणून काय तो एकट्याचा झाला? शब्द देताना एकाला तरी आठवण झाली का माझी?"

कुणालाही झाली नव्हती. नानांना नाही, रशीदभाईंना नाही, वैशालीला नाही. मीसुद्धा दोन दिवस 'भाऊसाहेबांचा पट' असंच म्हणत होते, आणि मी स्वतःला फार शहाणी समजते.

"मी शब्द दिलाय हो बाई," भाऊसाहेब कसेबसे म्हणाले.

"तुमच्या अर्ध्याचा दिलात. द्या ना. रशीदभाई, कात्री आणा."

"अम्मी का सिया हुआ है बाई," रशीदभाई घाबरून म्हणाले, "कैंची नको."

तुषार रडकुंडीला आला. "काकू, टिकावा म्हणूनच करतोय ना मी. कसर लागंल, उंदीर लागतील."

"लागू देत. फाटला तर शिवू. पार गेला तर दुसरा शिवू, चादरी काय कमी आहेत घरात? अरे, कारखान्याच्या गेटसमोर मातीत अंथरलेला पट आहे हा. साहेबाने बाहेर जाऊ नका म्हटलेलं असताना मी उठून याच्यावर बसले. तो मी तुझ्या काउंटरमागे टांगू देईन?" त्यांनी दम घेतला. "पट तुझ्याकडंच ठेव. तुझ्या बापाचा शब्द राहू दे. पण ठेवायचा तो खाली. चल आत, टेबलं सरकव."

"आता? काकू, रविवार आहे, गिऱ्हाईक आहे."

"मग तेही बघेल."

भाऊसाहेब उठले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला होता. त्यांनी पट स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि पोराच्या हॉटेलात शिरले. मधली दोन टेबलं नाना आणि त्यांनी मिळून ओढली, फरशीवर पट अंथरला आणि चौघं बसले. बरोबर त्या रिकाम्या काचेच्या खाली.

सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. एक कुटुंब नाक मुरडून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं, एकाने बिल मागितलं. बरेच जण थोडा वेळ बघून पुन्हा फोनमध्ये गेले. पण कॉलेजच्या दोन मुली खुर्च्या सोडून खाली आल्या आणि एकीने विचारलं, "काकू, हे ल्युडोसारखं असतं का?"

"ल्युडो याच्यासारखं असतं," काकू म्हणाल्या. "बस."

थोड्या वेळाने रशीदभाईंचा गुडघा बोलायला लागला आणि त्यांनी त्यांची जागा मला दिली. नाना माझे जोडीदार. माझ्या दोन सोंगट्या काकूंनी सलग मारल्या. नानांनी मला सगळ्यांदेखत झापलं आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, एका कवडीवरून त्यांच्याशी कडाडून भांडले. उताणी होती ती. आजही माझं तेच म्हणणं आहे. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

सोमवारी सकाळच्या बसने परत आले. दळण, ऑफिस, नेहमीचं सगळं सुरू झालं. मी काही भाबडी नाही. त्या चौघांतलं कुणी साठीच्या अलीकडचं नाही, डबे अजून भिंतीला चिकटलेले आहेत, आणि पुढच्या रविवारी टेबलं सरकतील की नाही, हे तुषारच्या मनावर आहे. पट आज काचेत नाही, एवढंच मला पक्कं माहीत आहे. तो काचेत नाही, कारण एका बाईने अर्धा माझा म्हणून पाय रोवले. खेळ असेच टिकत असावेत, कुणीतरी हट्टाला पेटल्यामुळे.

हे लिहायला घेतलं तेव्हा वर टाकायला पटाचा एक चांगला फोटो शोधत होते. त्या संध्याकाळचे माझ्याकडे पुष्कळ फोटो आहेत. सगळ्यांत पाठी आहेत. नानांची पाठ, भाऊसाहेबांची पाठ, त्या दोन मुलींच्या वेण्या, वाकलेल्या वेटरची कंबर. पट एकातही दिसत नाही. म्हणून या वेळी फोटो नाही. बघायचाच असेल तर पडेगावला जा, त्या पाठींमधून वाट काढा आणि खाली बसा.